डीप डॉट आयओ: ओव्हरलॉर्ड घेऊनही तिसाव्या लेव्हलच्या आसपास मरण का येते?

प्रश्न असा आहे: तीन महिने रोज रात्री लॅपटॉपच्या टचपॅडवर डीप डॉट आयओ हा ब्राउझरमधला टँकांच्या लढाईचा खेळ खेळणाऱ्या एका खेळाडूने सगळीकडे ऐकले की ओव्हरलॉर्ड हा सर्वांत ताकदवान टँक आहे, म्हणून तो दर वेळी स्नायपर, ओव्हरसीअर, ओव्हरलॉर्ड याच वाटेने जातो, मिळतील तसे पॉइंट आठही रकान्यांत थोडे थोडे टाकतो आणि जवळजवळ प्रत्येक वेळी लेव्हल ३० च्या आगेमागे मरतो. त्याने विचारले आहे की सर्वांत चांगला क्लास, म्हणजे टँकचा प्रकार, कोणता आणि पॉइंट कसे वाटावेत.

उत्तर देण्याआधी माझी बाजू सांगतो. हा खेळ २०१६ साली आला; अ‍ॅगार डॉट आयओ बनवणाऱ्या मॅथ्यूस व्हॅलाडारेस यांचाच तो पुढचा खेळ. त्या वर्षी मी हॉस्टेलवर होतो आणि आमच्या मजल्यावरची निम्मी मुले परीक्षेच्या तोंडावर हेच करत बसलेली असत. तेव्हापासून मी तो सोडलेला नाही, फक्त आता रात्री एखादा तास मिळतो. तेव्हा पुढे जे लिहितो आहे ते कुठे वाचलेले नसून बहुतांशी स्वतः मरून शिकलेले आहे. त्यातले काही तुमच्या माउसवर, नेटवर आणि कोणता मोड (खेळाचा प्रकार) खेळता यावर अवलंबून राहील. तसे जिथे आहे तिथे सांगेन.

माझ्या मते तुमचा प्रश्न कोणता क्लास चांगला हा नाहीच. प्रत्येक क्लास हा एका ठरावीक अंतरावरून लढण्यासाठी बनवलेला आहे, आणि तुम्ही ज्या अंतरावर लढता आहात ते तुमच्या टँकचे अंतर नाही. रेंजर किंवा प्रिडेटर यांना मैदानाचा जास्त भाग दिसतो, म्हणून त्यांनी समोरच्याच्या नजरेबाहेरून मारायचे असते. पेंटा शॉट, ट्रिप्लेट, ऑक्टो टँक हे मधल्या अंतराचे. बूस्टर, स्मॅशर, अ‍ॅनायहिलेटर यांचे काम अंगाला अंग भिडले की सुरू होते. ओव्हरलॉर्ड या सगळ्यांहून निराळा, कारण त्याच्याकडे गोळ्या नाहीत, ड्रोन आहेत, म्हणजे कर्सरच्या इशाऱ्यावर जाऊन शत्रूवर आदळणारे छोटे साथीदार. तिथे तुमचा टँक एका जागी असतो आणि लढाई तुमच्या कर्सरजवळ चाललेली असते. म्हणजे एकाच वेळी दोन जागा सांभाळायच्या. डाव्या हाताने टँक एका दिशेला न्यायचा आणि उजव्या हाताने आठ ड्रोन दुसऱ्याच दिशेला. हे टचपॅडवर करणे म्हणजे एका हाताने पोळी लाटून दुसऱ्या हाताने ताक घुसळण्यासारखे आहे. जमणारे असतील, मला जमलेले नाही.

आता लेव्हल ३० लाच का, ते पाहू. तुमची वाट लेव्हल १५ ला स्नायपरवरून जाते. स्नायपरची नळी एकच, गोळी लांब जाते, पण दोन गोळ्यांमधला वेळ मोठा. लेव्हल १५ ते ३० हा काळ पोट भरण्याचा, म्हणजे मैदानात विखुरलेले चौकोन, त्रिकोण, पंचकोन फोडून स्कोअर वाढवण्याचा असतो, आणि नेमक्या त्याच काळात तुम्ही सर्वांत सावकाश खाणारा टँक घेऊन बसता. त्याच सुमारास एखादा ट्विन किंवा मशीन गन टँक जवळ आला, तर त्याच्या अनेक गोळ्यांना तुमची एक गोळी उत्तर देते. यातूनही वाचून तुम्ही ३० ला पोचता आणि, बहुधा कुणी अंगावर येत असतानाच, घाईने ओव्हरसीअरवर क्लिक करता. इथे घात होतो. क्लिक केल्या क्षणी तुमची बंदूक जाते आणि ड्रोन अजून आलेले नसतात. ते एकेक करून बाहेर पडतात. आठ पुरे होईपर्यंत तुम्ही निःशस्त्र असता. मीही सुरुवातीला अशा कितीतरी वेळा मेलो आणि दोष मात्र ओव्हरसीअरला देत राहिलो.

याचा उपाय सोपा आहे. लेव्हल ३० झाली तरी क्लास लगेच बदलण्याची सक्ती नाही, पर्याय पडद्यावर थांबून राहतो. तेव्हा स्नायपर म्हणूनच मैदानाच्या कडेला जावे, शक्यतो कोपऱ्यात, आजूबाजूला कुणी नाही असे पाहावे, मग क्लिक करावे आणि आठ ड्रोन मोजून होईपर्यंत तिथून हलू नये. खाली उजवीकडच्या लहान नकाशावर तुमची जागा दिसते, तिचा उपयोग यासाठी करावा.

पॉइंटांचा हिशोब मात्र जरा सविस्तर करतो, कारण बहुतेकांचे इथेच चुकते. रकाने आठ आहेत: तब्येत भरून येण्याचा वेग, एकूण तब्येत, अंगाचा मार, गोळीचा वेग, गोळीची भेदकता, गोळीचा मार, रीलोड (पुढची गोळी किती लवकर सुटते ते) आणि हालचालीचा वेग. एका रकान्यात जास्तीत जास्त ७ पॉइंट जातात. लेव्हल २८ पर्यंत प्रत्येक लेव्हलला एक आणि मग ३० पासून दर तिसऱ्या लेव्हलला एक, असे ४५ पर्यंत मिळून ३३ पॉइंट मिळतात. आता हे आकडे जरा मांडून पाहा. लेव्हल १५ ला तुमच्या हातात १४ पॉइंट असतात, म्हणजे बरोबर दोन रकाने पूर्ण. लेव्हल २२ ला २१, म्हणजे तीन. लेव्हल ३० ला २८, म्हणजे चार. पुढच्या पंधरा लेव्हलमध्ये फक्त पाच पॉइंट येतात. त्यामुळे तुमचा टँक कसा होणार, हे खरे तर लेव्हल ३० पर्यंतच ठरून गेलेले असते. ४५ ची वाट पाहून काही सुधारणार नाही.

तुम्ही जे करता, म्हणजे आठही रकान्यांत सारखे, त्यात लेव्हल ३० ला प्रत्येक ठिकाणी तीन-साडेतीन पॉइंट पडतात. कागदावर हे समतोल दिसते. मैदानावर समोर येणाऱ्याने मात्र त्याच्या कामाचे चार रकाने भरलेले असतात आणि तो त्याच चारांवर तुमच्याशी लढतो. तुमच्या अंगाच्या माराचे तीन पॉइंट तो जवळ आल्याशिवाय कामाचे नाहीत, आणि तो जवळ येणारच नाही. तब्येत भरून येण्याचे तीन पॉइंट लढाई संपल्यावर कामाचे, आणि लढाई संपेपर्यंत तुम्ही राहत नाही. म्हणजे सहा पॉइंट वाया.

भेदकता आणि मार या दोन रकान्यांविषयी थोडे थांबून सांगतो, कारण यांचा अर्थ नावावरून नीट कळत नाही. या खेळात गोळ्या एकमेकींना अडवतात. तुमची गोळी आणि समोरच्याची गोळी आपटल्या की दोघींची ताकद कमी होते, आणि जिच्यात जास्त जीव तिचे उरलेले पुढे जाते. गोळीचा जीव म्हणजे भेदकता. समोरच्या गोळीचा जीव किती खायचा ते ठरवणारा रकाना म्हणजे मार. म्हणून हे दोन रकाने जोडीनेच वाढवायचे असतात: एक भरला आणि दुसरा रिकामा राहिला तर तुमच्या गोळ्या रस्त्यातच विझतात. दोन सारखे टँक समोरासमोर थांबून एकमेकांवर मारा करत असतील तेव्हा मधल्या रिकाम्या जागेकडे लक्ष द्या. गोळ्या जिथे आपटून नाहीशा होतात ती रेघ हळूहळू एका बाजूला सरकत जाते. ती तुमच्याकडे सरकू लागली की समजावे, हा सामना तुम्ही हरणार आहात, आणि तब्येतीची पट्टी अजून हिरवी असतानाच निघावे. नवे खेळाडू पट्टीकडे पाहतात, मी त्या रेघेकडे पाहतो.

निघायचे कसे, हेही शिकण्यासारखे आहे. गोळी सुटली की टँकला मागे धक्का बसतो. तेव्हा पळताना नळी पाठलाग करणाऱ्याकडेच ठेवून मारत राहावे: धक्क्याने तुमचा वेग वाढतो आणि तुमच्या गोळ्या त्याच्या गोळ्या अडवतात. जो पाठ फिरवून नुसताच पळतो तो दोन्ही फायदे घालवतो. ट्राय-अँगल आणि बूस्टर यांच्या मागे लावलेल्या नळ्यांचे सारे काम हेच आहे, त्या मारण्यासाठी नसून ढकलण्यासाठी असतात. म्हणून बूस्टर घेणारे लोक गोळीचे तीनही रकाने रिकामे ठेवून रीलोड मात्र पूर्ण भरतात.

तुमच्यासाठी मी पेंटा शॉट सुचवेन. वाट अशी: लेव्हल १५ ला ट्विन, ३० ला ट्रिपल शॉट, ४५ ला पेंटा शॉट. ट्विनच्या दोन नळ्या असल्यामुळे चौकोन भराभर फुटतात. ट्रिपल शॉटने समोरचा पंखा उघडतो आणि नेम थोडा चुकला तरी काहीतरी लागते, ही टचपॅडवाल्यासाठी मोठी सोय आहे. पॉइंट या क्रमाने टाका: लेव्हल १५ पर्यंत भेदकता आणि मार पूर्ण, २२ पर्यंत रीलोड पूर्ण, ३० पर्यंत हालचालीचा वेग पूर्ण, आणि उरलेले ५ गोळीच्या वेगात. आठ आकड्यांच्या भाषेत लिहायचे तर ०/०/०/५/७/७/७/७. एकूण तब्येतीत एकही पॉइंट नाही हे पाहून तुम्ही दचकाल. माझा तर्क असा की मधल्या अंतरावर लढणाऱ्याचे संरक्षण त्याच्या समोरची गोळ्यांची भिंत आणि त्याचे पाय हेच असते. तब्येतीचे पॉइंट तो चुकल्यावर लागतात, आणि चुकल्यावर ते फारसे पुरतही नाहीत.

याला एक अपवाद मी स्वतः करतो. सर्व्हर लांब असला आणि रात्री दहानंतर घरातले सगळे मोबाइल एकाच वायफायवर असले की पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, वाढतो. तेव्हा तुम्ही जे पाहता ते थोडे जुने असते: समोरचा दिसतो तिथून आधीच सरकलेला असतो. अशा रात्री चुका होणारच, म्हणून शेवटचे ५ पॉइंट गोळीच्या वेगाऐवजी एकूण तब्येतीत टाकावेत. आणि अशा नेटवर ओव्हरलॉर्डला तर हातही लावू नये, कारण ड्रोन तुमच्या कर्सरमागे धावतात आणि तो कर्सरच उशिरा पोचत असेल तर आठही ड्रोन काल जिथे शत्रू होता तिथे जाऊन उभे राहतात.

माउस विकत घेतलात तर ओव्हरलॉर्डचा विचार पुन्हा करावा. तो खरोखर ताकदवान आहे, लोक उगाच म्हणत नाहीत. त्यात गोळीच्या रकान्यांचे अर्थ बदलतात, ते ड्रोनचा वेग, ड्रोनची तब्येत आणि ड्रोनचा मार असे होतात. हे तीन आणि हालचालीचा वेग पूर्ण भरून उरलेले पाच एकूण तब्येतीत, असे मी करतो. रीलोड रिकामा, कारण तिथे रीलोड म्हणजे मेलेल्या ड्रोनच्या जागी नवा येण्याचा वेग, आणि तो ड्रोन जपून वापरणाऱ्याला फारसा लागत नाही. डावे बटण दाबले की ड्रोन कर्सरकडे जातात, उजवे बटण किंवा शिफ्ट दाबले की कर्सरपासून दूर पांगतात. ओव्हरलॉर्डचे निम्मे कसब या पांगवण्यात आहे: समोरच्याच्या पलीकडे ड्रोन जाऊ द्यायचे आणि मग तो पळू लागेल त्या दिशेकडून त्यांना परत ओढायचे.

आता खाण्याविषयी, कारण लेव्हल ४५ ला साडेतेवीस हजारांच्या आसपास स्कोअर लागतो आणि तो कुठून आणायचा याचा विचार फार कमी लोक करतात. पिवळा चौकोन १० देतो आणि त्याची तब्येतही १० असते. तांबडा त्रिकोण २५ देतो, पण फोडायला ३० लागतात. जांभळा पंचकोन १३० देतो आणि त्याची तब्येत १०० असते. म्हणजे खर्चलेल्या माऱ्याच्या हिशोबाने त्रिकोण हा तोट्याचा सौदा, चौकोन बरोबरीचा आणि पंचकोन फायद्याचा. नुसत्या चौकोनांवर ४५ गाठायचे तर सुमारे २,३५० चौकोन फोडावे लागतील. पंचकोनांवर साधारण १८० पुरतात. म्हणून सगळे मैदानाच्या मध्याकडे, पंचकोनांच्या दाटीकडे धावतात, आणि म्हणूनच तिथे सगळ्यात जास्त माणसे मरतात. दाटीत क्रॅशर नावाचे छोटे गुलाबी त्रिकोण असतात ते वेगळेच; ते स्वतःहून अंगावर येतात. लेव्हल २२ च्या आधी, म्हणजे तिसरा रकाना भरण्याआधी, मी मध्यात जात नाही. तोपर्यंत कडेच्या चौकोनांवर भागवतो आणि वाटेत एकटा पंचकोन दिसला तर घेतो. त्रिकोण समोर आलाच तर फोडतो, त्याच्यासाठी वाट वाकडी करत नाही.

अल्फा पंचकोनाचा, म्हणजे मध्यातल्या प्रचंड मोठ्या पंचकोनाचा, मोह तुम्हालाही होईल. तो ३,००० देतो, म्हणजे आठ अल्फा झाले की ४५ झाले असे गणित डोक्यात येते. पण त्याची तब्येतही ३,००० आहे, आणि ती संपवेपर्यंत तुम्ही एका जागी, एका दिशेला तोंड करून उभे असता. अनुभवी डिस्ट्रॉयर टँकला याहून सोपी शिकार मिळत नाही.

हे मी सांगतो आहे ते पुस्तकी नाही. काही वर्षांपूर्वी एका रविवारी दुपारी मी पेंटा शॉटवर स्कोअरच्या यादीत पहिला होतो. पहिल्या क्रमांकाकडे जाण्याची दिशा सगळ्यांना बाण दाखवतो, हे मला माहीत होते, आणि तरी मी मध्यात अल्फा फोडत बसलो, कारण त्याची पट्टी अर्ध्याहून खाली आली होती आणि सोडवेना. डाव्या हाताला एक बूस्टर दोनदा पडद्याच्या कडेला दिसून गेला. मी त्याला मोजले नाही. तिसऱ्या वेळी तो सरळ आला, माझे तोंड अल्फाकडे, पाचही नळ्या तिकडे. मी वळलो तोवर तो अंगाला भिडलेला होता. पेंटा शॉटला पाठ नसते. माझ्या बिल्डमध्ये, म्हणजे पॉइंटांच्या वाटणीत, तब्येत शून्य, त्याच्यात अंगाचा मार पूर्ण. सेकंदभरात संपले, आणि उरलेला अल्फाही त्यानेच खाल्ला असणार. यात बिल्डची चूक नव्हती. मधल्या अंतराचा टँक घेऊन मी जवळच्या अंतराला जागा दिली होती. तेव्हापासून पडद्याच्या कडेला एखादा बूस्टर दुसऱ्यांदा दिसला की मी खाणे सोडतो आणि भिंतीकडे सरकतो, म्हणजे निदान एक बाजू झाकली जाते.

इथपर्यंतचे एकत्र करतो: टचपॅड आहे तोवर ड्रोन नकोत; ट्विन, ट्रिपल शॉट, पेंटा शॉट या वाटेने जा; चार रकाने पूर्ण भरा आणि पाच पॉइंट नेट पाहून टाका; २२ पर्यंत कडेला राहा; आणि क्लास बदलायचा तो लढाईच्या बाहेर.

दोन गोष्टी मोडवर अवलंबून आहेत. हे सारे मी सगळे विरुद्ध सगळे या मोडसाठी लिहिले. टीम मोडमध्ये तुमच्या तळाजवळ शत्रू फिरकू शकत नाही, त्यामुळे स्नायपरची वाटही तिथे परवडते आणि लेव्हल ३० ला क्लास बदलण्यासाठी तळाइतकी चांगली जागा नाही. मेझ, म्हणजे भूलभुलैयाच्या मोडमध्ये भिंती असतात, अंतर तसेही मिळत नाही, तिथे जवळचे टँक वरचढ ठरतात. मी मेझमध्ये स्मॅशर खेळतो आणि तो बंदूक नसलेला टँक फार आवडीने खेळतो. त्याच्यासाठी लेव्हल १५ ला काहीही न निवडता ३० पर्यंत साधाच टँक ठेवावा लागतो, हे अनेकांना माहीत नसते. त्याला रकाने चारच, पण प्रत्येकात १० पॉइंट जातात.

मेल्यानंतर काय, हेही तुम्ही विचारले नाही तरी लिहितो. मेल्यावर खेळ साधारण निम्म्या लेव्हलवरून सुरू होतो, जास्तीत जास्त २२ वरून. वर सांगितल्याप्रमाणे २२ म्हणजे २१ पॉइंट, तीन रकाने पूर्ण. त्यामुळे ४५ वर मरणे वाटते तेवढे महाग नाही. महाग आहे ते ३० वर मरणे, कारण मग १५ वरून, दोनच रकान्यांवर, पुन्हा चढावे लागते. तुम्ही गेले तीन महिने याच पायरीवर वर-खाली करत आहात. रागाने लगेच मारणाऱ्याला शोधायला जाऊ नका. त्याची पट्टी भरलेली असेल किंवा भरत असेल: तीसेक सेकंद मार बसला नाही की तब्येत झपाट्याने भरून येते, आणि त्याला तेवढा वेळ मिळालेला असतो. तुम्हीही ही तीस सेकंदे वापरायला शिका. अर्धी पट्टी घेऊन पुढच्या भांडणात पडण्याची सवय मला सुटायला वर्ष लागले.

सरावासाठी सँडबॉक्स मोड आहे. तिथे के दाबून धरला की लेव्हल वाढत जाते, त्यामुळे एका मिनिटात ४५ चा टँक हातात येतो. मी सुचवेन की दोन-तीन दिवस तिथे फक्त पेंटा शॉट घेऊन पळता पळता मागे मारण्याचा सराव करा, ई दाबून आपोआप गोळीबार चालू ठेवा म्हणजे टचपॅडवर बोट फक्त नेमासाठी मोकळे राहील. मग खऱ्या मैदानावर दहा वेळा मरा आणि प्रत्येक वेळी वहीत तीन गोष्टी लिहा: लेव्हल किती होती, मारणारा टँक कोणता होता आणि तो पहिल्यांदा पडद्यावर दिसला तेव्हा तुम्ही काय करत होता. ती यादी इथे टाकलीत, तर तुमचे शेवटचे पाच पॉइंट कुठे जायला हवेत ते मी जास्त नेमके सांगू शकेन.